मुकं मिनिट

१

वाचिराच्या घरात फोनला रेंज मिळायची ती एकाच जागी, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कठड्यावर. म्हणून सकाळी शेगडी पेटवायची, चहाचं आधण ठेवायचं, फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा करायचा आणि त्याच्यासमोर स्टूल ओढून बसायचं, असा त्याचा चार वर्षांचा नेम होता. चार वर्षं म्हणजे बायको गेल्यापासून. त्याआधी त्या स्टुलावर वाइरिमू बसायची, बटाटे सोलत, आणि बोलायची.

बाहेर लिमुरूचं धुकं. दहा वाजेपर्यंत समोरचा चहाचा मळासुद्धा दिसत नाही, पानं खुडणाऱ्या बायकांच्या हाका तेवढ्या ऐकू येतात. फोनमध्ये मात्र सगळा केनिया जागा असायचा. ग्रुपचं नाव 'जुनं लोखंड'. कुठंतरी कुणीतरी एखादी पन्नास वर्षांची गाडी विकायला काढायचं, फोटो टाकायचं, आणि मग दिवसभर नुसती खणाखणी.

"हा निळा रंग मूळचा नाही. पैज लावतो."

"ओदुओर, तू गप. तुझ्या तीन गाड्या आहेत आणि तिन्ही गाढवं ओढतात."

"ओढतात ना? मग झालं तर. तुझी तर गाढवानंही नाकारली."

हा ओदुओर किसुमूचा, निवृत्त हेडमास्तर, आणि ग्रुपचं तोंड. वाचिरा ग्रुपचे डोळे. त्याच्याकडे स्वतःची गाडी नव्हती, कधीच नव्हती. पण चहाच्या कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढलेला माणूस, त्यामुळं नजर पक्की. सगळे त्याला गुका म्हणायचे, म्हणजे आजोबा.

ग्रुपची एक रीत होती. गाडी एका गावात, घेणारा पाचशे किलोमीटरवर. मग गाडीच्या जवळ राहणारा सभासद जाऊन पाहून यायचा आणि चार रकाने भरायचा. पहिला पत्रा: लोहचुंबक फिरवायचा, जिथं चिकटणार नाही तिथं आत गंज झाकायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. दुसरा इंजिन. तिसरा कागद. आणि चौथं मुकं मिनिट. गाडीत बसायचं, दारं-काचा बंद करायच्या, इंजिन चालू ठेवून एक मिनिट आवाज रेकॉर्ड करायचा. त्या मिनिटात कुणी बोलायचं नाही, खोकायचं नाही. मग गावोगावचे जाणते कानात इअरफोन घालून ते मिनिट ऐकत बसायचे आणि भांडायचे.

सहा वर्षांत वाचिराचा एकही अहवाल खोटा ठरला नव्हता. "गुकानं पाहिलीय ना? मग मिटलं." कारखाना सुटला, बायको गेली, मुलगी शिरू कॅनडात, रविवारी दहा मिनिटं फोन. राहिलं होतं ते एवढं एक वाक्य. ते ऐकायला मिळालं की त्याचा दिवस बरा जायचा.

२

त्या मंगळवारी जाहिरात आली. प्यूजो ४०४, साय-रंगाची, एकोणसत्तर सालची, जुन्या काळ्या नंबरपाटीसकट. लिमुरूपासून बारा किलोमीटरवरच्या एका मळ्यातल्या बंगल्यात उभी. मालक परदेशी, राखणदार विकतोय. आठ फोटो.

ग्रुप पिसाटला. ४०४ म्हटलं की इथल्या माणसाचा जीव खालीवर होतो. कुणाचा बाप तीत लग्नाला गेलेला, कुणी स्वतः तीत जन्मलेला.

"घेतली," मालिंदीच्या रुकियानं लिहिलं. "कुणी मध्ये येऊ नका. दोन वर्षं वाट पाहतेय मी."

रुकिया नर्स होती. तिचा बाप चौदा वर्षं मालिंदी-मोम्बासा टॅक्सी चालवायचा, अशीच, याच रंगाची.

वाचिरानं फोटो एकेक करून मोठे केले. चाकावरची कमान आणि टायर यांच्यात किती बोटं मावतात हे तो आधी बघायचा, सवयच ती. मागचं डावं चाक: दोन बोटं कमी. गाडी त्या कोपऱ्यात दबलेली.

"डावी स्प्रिंग थकलीय," ओदुओरनं लिहिलं. त्यालाही दिसलं होतं.

"हो," वाचिरानं लिहिलं, आणि मग पुढचा फोटो उघडला. त्यात गाडी सरळ. त्याच्या पुढच्यातही सरळ. सहावा, दबलेली. सातवा, सरळ. सगळे फोटो एकाच शेडमधले, खांबाची सावलीही हललेली नाही इतक्या लागोपाठ काढलेले.

थकलेली स्प्रिंग थकलेलीच राहते. ती काही फोटोपुरती थकत नाही.

त्यानं हे लिहायला घेतलं आणि पुसलं. जमीन उंचसखल असेल. फोन तिरका धरला असेल. राखणदाराला काय, त्यानं धरला असेल कसाही.

"गुका, जाल ना?" रुकियानं विचारलं.

"उद्या सकाळी," वाचिरा म्हणाला.

३

मटाटूनं, म्हणजे तिथल्या वडापच्या गाडीनं, तो फाट्यापर्यंत गेला आणि पुढं लाल मातीच्या रस्त्यानं चालत. बंगला बंदच होता. राखणदाराचं नाव किबे, पन्नाशीचा, अंगात जुना पोलिसी कोट. त्यानं शेडचं पत्र्याचं दार सरकवलं आणि स्वतः बाहेरच उभा राहिला.

गाडी सुरेख होती. वाचिरानं चुंबक दारांवर फिरवला, दाराखालच्या पट्ट्यांवर फिरवला, पार आडवं होऊन पोटाखालून फिरवला. सगळीकडे टक्कन चिकटला. लांबीचा कणसुद्धा नाही. इतकी प्रामाणिक गाडी त्यानं दहा वर्षांत पाहिली नव्हती. इंजिन दुसऱ्या झटक्यात लागलं. कागद बरोबर.

"तुम्ही चालवता का अधूनमधून?" त्यानं किबेला विचारलं.

"सुरू करतो आठवड्यातून एकदा. बाहेर उभं राहून, खिडकीतून हात घालून."

"बसून नाही?"

"नाही," किबे म्हणाला आणि धुक्याकडे बघत राहिला.

वाचिरा गाडीत बसला. दार ओढलं. गाडी त्याच्या वजनानं उजवीकडे जराशी दबली, जशी दबायला हवी तशी. काचा वर केल्या. जुन्या कापडाचा, पेट्रोलचा, ऊन खाल्लेल्या रबराचा वास. त्यानं फोन डॅशबोर्डवर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं, हात मांडीवर ठेवले.

आणि मग गाडी पुन्हा दबली. मागून, डावीकडे. सावकाश. कुणी जपून, कपडे सावरून बसावं तशी.

दार वाजलं नव्हतं.

धक्के झेलणारे डॅम्पर जुने आहेत, त्यानं मनाशी म्हटलं. तेल उशिरा सरकतं, मग मागचा भाग उशिरा बसतो. त्याला हे पटलं. वर्कशॉपमध्ये त्यानं याहून चमत्कारिक गोष्टी पाहिल्या होत्या. पण मिनिट मुकं असल्यामुळं त्याला हलता येत नव्हतं, आणि हलायचं नाही म्हणून त्यानं मागं पाहिलं नाही. आरसा कुणीतरी वर फिरवून ठेवला होता. त्यात छताचं कापड तेवढं दिसत होतं.

एक गोष्ट मात्र खरी. त्या मिनिटात त्याला फार बरं वाटलं. घरात दुसरं माणूस आहे, आपल्या कामात आहे, काही बोलत नाहीये पण आहे, अशा वेळी खोलीत जी ऊब असते ती. चार वर्षांत तो ती विसरूनच गेला होता.

तो उतरला. पाच पावलं गेल्यावर त्याला मागं स्प्रिंगचा हलकासा निःश्वास ऐकू आला. वळून पाहिलं, तर गाडी सरळ उभी.

४

त्यानं घरी येऊन मिनिट ग्रुपवर टाकलं आणि बाकीचे रकाने भरायला घेतले. पहिलं उत्तर आलं ते ओदुओरचं.

"इंजिन म्हणजे घड्याळ. पण गुका, नियम तुम्हीच मोडता? मागं कोण बसलंय?"

"कुणी नाही."

"मग गुणगुणतंय कोण?"

वाचिरानं मिनिट लावलं. इंजिन. फक्त इंजिन, आणि शेवटी त्याचा स्वतःचा श्वास. पुन्हा लावलं. तेच.

ग्रुपवर मात्र एकच गलका. मलाही ऐकू आलं. मलाही. बाई आहे. बाई कसली, पुरुष आहे हळू आवाजातला. शेवटी ओदुओरनंच निकाल दिला: डायनामोचं बेअरिंग कोरडं पडलं की असं गातं, त्याच्या एका गाडीनं तर आख्खं भजन म्हटलं होतं. सगळे हसले. रुकियानंही हसरा चेहरा टाकला. "थेंबभर तेल लागेल एवढंच ना? मग मी ट्रक ठरवते. गुका, तुमचा अहवाल आला की निघाला."

वाचिरा हसला नाही. बेअरिंग गात असेल तर ते त्याला का ऐकू येऊ नये? कान काही गेले नव्हते अजून.

तेवढ्यात कुंपणावरून हाक आली. "शिरूचे बाबा! आहात का? गिथेरी आणलीय, घेवडा नीट शिजलाय आज." शेजारची किमानीची आई. ती हाक मारायची आणि उत्तराआधीच आत यायची. वाडगा कठड्यावर ठेवत तिनं फोनकडे मान वाकडी केली. "काय ऐकताय?"

"तुम्हीच ऐका," तो म्हणाला आणि मिनिट लावलं.

ती ऐकत राहिली. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"काय ऐकू येतंय?"

"कुणीतरी गुणगुणतंय."

त्यानं विचारलं, विचारताना त्याला स्वतःचीच लाज वाटली. "वाइरिमूसारखं वाटतं का हो?"

किमानीच्या आईनं त्याच्याकडे पाहिलं. तीस वर्षं ती चर्चमध्ये वाइरिमूच्या शेजारी उभी राहून गायली होती.

"नाही," ती म्हणाली. "हा तिचा आवाज नाही, शिरूचे बाबा. आणि हे गाणंही नाही. पाहुणे निघायची वाट बघत माणूस गुणगुणतं ना, इतर सगळे कधी जातील म्हणून, तसं आहे हे. बंद करा ते."

५

त्यानं ग्रुपवर लिहिलं, 'अजून एकदा पाहतो, मग सांगतो.' सहा वर्षांत असं पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी तो गेला तेव्हा त्यानं धुतलेला शर्ट घातला होता. चुंबक घरीच राहिला. किबेनं काही न विचारता दार सरकवलं.

तो बसला. वाट पाहिली. गाडी मागून दबली.

"मी वाचिरा," तो म्हणाला. म्हटल्यावर त्याला हसू आलं. रिकाम्या गाडीला कुणी नाव सांगतं का? पण तोंड उघडलं ते उघडलंच. कारखान्याचं सांगितलं, पानं सुकवायच्या मोठ्या पंख्याचं, शिरू लहान असताना त्या पंख्यासमोर उभी राहून ओरडायची त्याचं. वाइरिमूच्या आजारपणाचं सांगितलं, जे त्यानं शिरूलाही सांगितलं नव्हतं. मग साहेबाच्या टोपीत कोंबडीनं अंडं घातलं होतं तो किस्सा. तो सांगताना तो स्वतःच हसायला लागला, आणि त्याच वेळी त्याच्या सीटची पाठ हळूच मागं ओढली गेली. मागं बसलेल्या माणसाला नीट ऐकायचं असलं की ते पुढच्या सीटला दोन्ही हातांनी धरून पुढं झुकतं, तशी.

वाचिराचं बोलणं तुटलं. हात दाराच्या कडीवर गेला.

सीटची स्प्रिंग, त्याचं डोकं म्हणालं. चौपन्न वर्षांची.

पण कडी त्यानं ओढली नाही. कुणीतरी पुढं काय झालं म्हणून झुकून बसलंय, आणि आपण किस्सा अर्धा टाकून उठायचं? त्यानं किस्सा पुरा केला. आरसा हाताच्या अंतरावर होता. तो त्यानं सरळ केला नाही.

बाहेर आला तेव्हा धुकं विरून पुन्हा दाटायला लागलं होतं. तीन तास झाले होते. किबे दूर दगडावर बसून मका भाजत होता.

"तुम्ही कधीच बसत नाही आत?" वाचिरानं विचारलं.

"मी कशाला बसू?" किबे म्हणाला. "माझ्या घरी माणसं आहेत."

६

शुक्रवारी रुकियाचा निरोप आला. "गुका, ट्रकवाला दारात उभा आहे. सांगा ना."

वाचिरा स्टुलावर बसून त्या चार रकान्यांकडे बघत राहिला. खरं लिहिलं तर गाडी सोमवारी जाणार. मग पुन्हा ही खिडकी, हे धुकं आणि रविवारची दहा मिनिटं.

त्यानं लिहिलं: 'पत्रा: दाराखाली दोन्ही बाजूंना लांबी भरलेली. चुंबक पडतो. घेऊ नकोस.'

बोट क्षणभर थांबलं, आणि मग निरोप गेला. गेल्यावर त्याला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, गुका, खोटं बोलताय. कुणी म्हणालं नाही. दुःखाचे चेहरे आले. ओदुओरनं लिहिलं, "सुंदर चेहऱ्यामागं हेच असतं पोरांनो. गुकानं पाहिली, मिटलं."

ते वाक्य त्या दिवशी घशाखाली उतरलं नाही.

रुकियानं आवाजात निरोप पाठवला, त्याला एकट्याला. "वाचवलंत मला, गुका. देव तुमचं भलं करो. माझंच वेड होतं हे. बाबांना अर्धांग झाल्यापासून ते बोलत नाहीत. घरात अकरा माणसं आम्ही, नुसता गोंगाट, आणि ते भिंतीकडे तोंड करून बसतात. मला वाटलं होतं, एकदा त्या स्टिअरिंगमागं बसवावं. काहीतरी बोलतील. असो. दुसरी नाही शोधणार आता."

त्यानं तो निरोप दोनदा ऐकला. मग शर्टाला इस्त्री केली आणि फाट्याच्या मटाटूत जाऊन बसला.

७

आठवडाभर तो रोज गेला. शनिवारी निघताना किमानीची आई कुंपणापाशी आडवी आली.

"कुठं हो रोज एवढी इस्त्री करून? बाई आहे का कुणी? असली तर सांगा, मी कुणाला सांगणार नाही."

"तुम्ही नाही सांगणार? तुमचं ऐकून कोंबडे आरवतात."

"हसा, हसा. पण आरशात पाहिलंय का तोंड? गालफडं बसलीत. माझे वाडगे तरी परत द्या, घरात एक उरला नाही."

ती नेहमीसारखी आधीच आत गेली होती. तो मागोमाग गेला तर ती स्वयंपाकघराच्या दारात खिळून उभी. खिडकीच्या कठड्यावर पाच वाडगे रांगेनं मांडलेले. पाचही भरलेले. पहिल्या दोहोंवर बुरशीची साय धरली होती.

"शिरूचे बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही जेवला नाहीत?"

"जेवलो की," वाचिरा म्हणाला. आणि त्याला खरंच तसं वाटत होतं. रोज परतताना पोट भरलेलं असायचं, पंगतीतून उठल्यासारखं. त्यानं कंबरेला हात लावला. पट्टा नव्या भोकावर होता. ते भोक त्यानं कधी पाडलं, काही केल्या आठवेना.

तिनं त्याला स्टुलावर बसवलं, पातळ पेज करून चमच्या-चमच्यानं भरवली, आणि तोंडानं सतत बोलत राहिली, गाईचं, मुलाचं, चर्चच्या छपराचं. ती गेल्यावर त्यानं फोन उचलला.

'मी खोटं बोललो,' त्यानं ग्रुपवर लिहिलं. 'पत्रा अस्सल आहे. लांबी कुठंच नाही. रुकिया, गाडी घेऊन जा. उद्याच ने.'

प्रश्नचिन्हांची रांग लागली. मग ओदुओर. "का, गुका? स्वतःला हवी होती?"

'हो,' त्यानं लिहिलं. तेही खरंच होतं.

त्यानंतर लोकांनी जे लिहिलं ते त्यानं वाचलं नाही. सहा वर्षांचं वाक्य पाच मिनिटांत संपलं. गाड्या पाहून येणाऱ्यांच्या यादीतून त्याचं नाव निघालं. रुकियानं एवढंच लिहिलं, 'कारण काही असो, शेवटी खरं सांगितलंत.'

पण खरं सगळं सांगितलं नव्हतं. त्या वाडग्यांचं त्यानं लिहिलं नाही. सीटच्या पाठीचं लिहिलं नाही. लिहिणार कुठं? त्याला रकाना नव्हता. आणि शिवाय, त्यानं स्वतःला समजावलं, ते एकट्या माणसाचं दुखणं. तिच्या घरी अकरा माणसं आहेत. किबेला काही होत नाही, मग त्यांना काय होणार?

सोमवारी ट्रक आला तेव्हा तो फाट्यावर उभा होता. ताडपत्रीखाली गाडी होती. तो ओळखीचा डावा कोपरा ट्रकच्या फळीवर खाली दबलेला दिसला, आणि वाचिराच्या मनात भीतीच्या आधी आलं ते हे: निरोपसुद्धा घेतला नाही.

८

पंधरा दिवस गेले. किमानीची आई दोन वेळा समोर बसून जेवू घालायची. गालफडं भरत होती. घर पूर्वीसारखंच झालं होतं, म्हणजे पूर्वीपेक्षा जास्त रिकामं. मधूनच तो स्टुलावर बसल्या बसल्या मोठ्यानं काहीतरी सांगायला लागायचा आणि पहिल्याच शब्दाशी थांबायचा.

एका दुपारी फोन थरथरला. रुकिया, आणि चित्रासकट. तिच्या डोक्यावरची ओढणी घसरली होती, मागं मालिंदीचं पांढरं ऊन.

"गुका, बाबा बोलायला लागले."

"अरे वा," वाचिरा म्हणाला.

"पहिल्या दिवशी आम्ही सगळे रडलो आनंदानं. दिवसभर बोलतात. हसतात. टॅक्सीचे जुने किस्से सांगतात, मला कधी न सांगितलेले." तिनं श्वास घेतला. "पण आमच्याशी नाही, गुका. गाडीतच बसलेले असतात. काचा लावून, या उन्हात. ताट नेलं की म्हणतात, जेवलो. उचलून आणलं तर रात्रभर दाराकडे बघत बसतात. आठ दिवसांत अर्धे झालेत. घरातल्यांना म्हणते तर म्हणतात, बरं आहे ना, बोलतायत तरी. मला दुसरं कुणी नाही विचारायला. तुम्ही त्या गाडीत बसलायत. रागवू नका, पण या वेळी काही लपवू नका. काय आहे तिच्यात?"

उत्तराची वाट न बघता तिनं फोन वळवला. अंगण, पोवळ्याच्या दगडाची भिंत, चाफ्याची सावली आणि त्या सावलीत ती साय-रंगाची गाडी. स्टिअरिंगमागं पांढऱ्या अंगरख्यातला म्हातारा, खांद्याची हाडं वर आलेली, अर्धा मागं वळून हसत काहीतरी सांगत होता. काचेतून शब्द ऐकू येत नव्हते.

"बाबा," रुकियानं काचेवर टकटक केलं. "हे बघा, लिमुरूचे गुका आहेत. यांनीच गाडी पाहिली होती."

म्हाताऱ्यानं कपाळाला आठी घातली. बोलणं मोडलं म्हणून माणूस वैतागतं तशी. मग तो सीटवर मागं रेलला, बाजूला झाला, आणि त्याच्या खांद्यामागचा अंधार मोकळा झाला.

त्या अंधारातून काहीतरी पुढं झुकलं.

चेहरा म्हणावा असं काही दिसलं नाही. कपडा दिसला नाही, हात दिसला नाही. दिसलं ते नुसतं झुकणं, कुणाचा फोन आहे हे बघायला माणूस जेवढं झुकतं तेवढं. आणि मग ते थांबलं. ओळख पटल्यावर थांबतात तसं.

रुकिया फोन काचेशी धरून स्वतः तोंड फिरवून उभी होती. तिला काही दिसलं नव्हतं.

"गुका? ऐकताय ना? काय करू मी?"

वाचिराच्या लक्षात आलं की आपण शर्टाची कॉलर सारखी करतोय. हात आपोआप वर गेला होता. हृदय धडधडत होतं, आणि ती धडधड नुसती भीतीची नव्हती, हे त्याचं त्याला कळलं.

"बाबांना आत्ताच्या आत्ता बाहेर काढ," तो म्हणाला. "दोघाचौघांना बोलाव, पण काढ. पुन्हा बसू देऊ नकोस."

"आणि गाडी? जाळून टाकू?"

"नाही," तो घाईनं म्हणाला. "गाडी इकडे पाठव. माझ्याकडे."

रुकिया रडत हो हो म्हणाली, तुमचे उपकार फिटायचे नाहीत म्हणाली, आणि माणसांना हाका मारत धावली. फोन काळा झाला. वाचिरा खिडकीशी बसून राहिला. बाहेर धुकं उतरत होतं आणि कुंपणापलीकडून किमानीची आई जेवायला हाक मारत होती. त्यानं ओ दिली नाही. आपण रुकियाला काय काय सांगितलं ते तो मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहत होता, आणि प्रत्येक वेळी त्याला तेच कळत होतं. बाबांना बाहेर काढ, एवढंच काय ते त्यानं तिच्यासाठी म्हटलं होतं.